नऊ महिन्यांनंतर: घोडी उत्तम, पण व्यवहाराआधी गव्हाणीची फळी बघा

घोडी परत घ्या म्हणून मी ती विकणाऱ्या अण्णांच्या दारात उभा राहिलो तेव्हा सातवा महिना सरत आला होता. आज नववा संपतोय आणि घोडी माझ्याच गोठ्यात आहे. मधल्या काळात माझं मत दोनदा पालटलं. ते सगळं सविस्तर लिहितोय, कारण खासगीत घोडं घेणाऱ्या प्रत्येकाने हे वाचावं असं मला मनापासून वाटतं. अण्णांचं खरं नाव, गाव सांगणार नाही.

दत्तजयंतीला सारंगखेड्याला गेलो होतो. तापीकाठच्या त्या घोडेबाजारात तीन दिवस फिरलो, मनासारखं जनावर बजेटात बसलं नाही. पुढे ओळखीतून पौष महिन्यात ही घोडी कळली. मारवाडी, कुमेद (तांबूस अंग, काळी आयाळ), चारही पाय आणि कपाळ पांढरं, म्हणजे पंचकल्याण. कानांची टोकं एकमेकांना टेकणारी. वय सहा, किंमत १ लाख ८५ हजार. पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर लिहून दिलं-घेतलं, त्यात 'जशी आहे तशी, पाहून-पारखून घेतली' असं वाक्य होतं. मी ते वाचलं आणि सही केली.

पारख कशी केली तेही सांगतो. आमच्याबरोबर चुलते आणि गावातले दोन जाणते होते. दोन तास घोडीचे भोवरे, म्हणजे अंगावरच्या केसांची वळणं, बघण्यात गेले. गळ्याखाली देवमण, म्हणजे शुभ मानलेला भोवरा, आहे का, आयाळीखाली काही वाईट भोवरा दडलाय का, पाठीवर, पोटाखाली, सगळीकडे बोटं फिरवून झालं. देवमण निघाली तसे सगळे खूश. देवमण असली की बाकीच्या खोडी झाकल्या जातात, असं चुलते म्हणाले. मी फक्त दोन गोष्टी विचारल्या: चावते का, लाथ मारते का? अण्णा म्हणाले, "लहान पोरगं पायात शिरलं तरी हलणार नाही." हे शंभर टक्के खरं निघालं. पण ती खाते कशी, बांधलेली असताना करते काय, हे ना आम्ही विचारलं ना थांबून पाहिलं. घोडी बाहेर काढून आणली होती, तिची गव्हाण आम्ही पाहिलीच नाही.

पहिले तीन महिने आनंदात गेले. रेवाल, म्हणजे धक्के न देणारी चाल, अशी की पाण्याचा तांब्या हातात घेऊन बसावं. ट्रॅक्टरला, फटाक्याला बुजत नाही. मुलगा चौदा वर्षांचा आहे, पंधरा दिवसांत तो एकटा बसायला लागला. नालबंद म्हणाला, खूर चांगले आहेत, पाय न ओढता हातात देते. चैत्रात तिला चांगल्या घोड्याकडे नेऊन भरवली, म्हणजे गाभण करून घेतली. तिसऱ्या महिन्यात हा अनुभव लिहिला असता तर एकही तक्रार नसती.

आवाज मात्र तिसऱ्याच आठवड्यात ऐकला होता. रात्री 'ग्वक्' असा, बेडकासारखा, थोड्या-थोड्या वेळाने. बॅटरी घेऊन गेलो तर घोडी गव्हाणीच्या लाकडी कडेवर वरचे दात टेकवून उभी. मान ताणली, गळ्याखालचे स्नायू दोरीसारखे वर आले, आवाज झाला, दात सुटले. एक-दोन हरभरे चघळले की पुन्हा तेच. मला वाटलं खेळतेय. नवी जागा आहे, होईल सवय. मार्च संपेपर्यंत सागवानी फळीला हाताची चार बोटं बसतील एवढा खड्डा पडला. फळी बदलली, साडेआठशे रुपये गेले. जूनमध्ये दुसरी गेली. तेव्हाही मी कोणाला फोन केला नाही. ही माझी चूक पुढे सगळ्यात महाग पडली.

श्रावणात एका रात्री अकराच्या सुमारास घोडी आडवी पडून लोळायला लागली. उठायची, पोटाकडे वळून बघायची, पुन्हा पडायची. अंगातून घाम निथळत होता. घोड्याला उलटी होत नाही, पोटात अडकलेलं वर यायला वाटच नाही, त्यामुळे पोटशूळ म्हणजे जिवाशी गाठ. त्यात पोटात शिंगरू. डॉक्टर दीड वाजता पोहोचले. इंजेक्शन दिलं, नाकातून नळी घातली. पहाटे पाचला तिने लीद टाकली तेव्हा बायकोने देवापुढे साखर ठेवली. बिल ६,८०० रुपये.

उजाडल्यावर डॉक्टरांनी गव्हाण पाहिली आणि घोडीचा वरचा ओठ उचलून मला दात दाखवले. वरच्या पुढच्या दातांची बाहेरची कड तासून काढल्यासारखी तिरकी झिजलेली, खालचे दात त्या मानाने ठीक. पाच वर्षांपर्यंत घोड्याचे दुधाचे दात पडून सगळे कायमचे येतात. म्हणजे हिचे दात येऊन थोडीच वर्षं झालेली, आणि एवढी झीज. डॉक्टर म्हणाले, "ही सात महिन्यांची झीज नाही. ही सवय घेऊनच ती तुमच्याकडे आली आहे." दात रोवून हवा ओढणाऱ्या घोड्यात पोटशुळाचा धोका जास्त असतो, हेही त्यांनीच सांगितलं. हवा पोटात भरते असं लोक समजतात, पण बरीचशी हवा अन्ननळीच्या वरच्या भागातूनच परत बाहेर येते. त्या रात्रीचं दुखणं नेमकं यामुळेच, असं मात्र ते ठामपणे म्हणाले नाहीत.

मी तेवढं ऐकून थांबलो नाही. लगेच अण्णांना फोन लावला. घोडी परत न्या, पैसे परत द्या, खाण्यापिण्याचे मागत नाही. ते म्हणाले, "भाऊ, माझ्याकडे असं काही नव्हतं. तुमच्याकडे लागलं असेल. आणि घोडी भरवून आता परत न्या म्हणता?" आवाज दोन्हीकडून चढले. चार दिवस फोन, मग त्यांनी उचलणं बंद केलं.

मेहुणे वकिली करतात. त्यांनी जे समजावलं ते इथे देतो, कारण मला वाटत होतं की दोष लपवला म्हणजे व्यवहार आपोआप रद्द होतो. तसं नाही. भारतीय करार कायदा १८७२, कलम १७ फसवणुकीचं आहे, आणि त्यातली उदाहरणंच घोड्याची आहेत. 'अ'ला माहीत आहे की घोडा सदोष आहे, तो लिलावात 'ब'ला विकतो आणि काही बोलत नाही. ही फसवणूक नाही. पण 'तुम्ही नाही म्हणाला नाहीत, तर मी घोडा निर्दोष समजेन' असं 'ब' म्हणाला आणि तरी 'अ' गप्प राहिला, तर ते गप्प राहणं बोलण्यासारखंच. हे वाचून मी बराच वेळ तसाच बसून राहिलो. ते एक वाक्य मी पौषात उच्चारलं असतं तर आज माझी बाजू वेगळी असती. मी चावण्याचं आणि लाथेचं विचारलं, त्याची उत्तरं खरी मिळाली.

दुसरं, वस्तू विक्री अधिनियम १९३०, कलम ४२. माल वाजवी वेळेत नाकारला नाही आणि स्वतःकडे ठेवून घेतला, किंवा मालकच करेल असं त्याच्याबाबत काही केलं, तर तो स्वीकारला असं धरतात. मेहुणे म्हणाले, "दाजी, तिसऱ्या आठवड्यात आवाज ऐकला, चैत्रात घोडी भरवली. याहून मालकी ती काय दाखवायची?" अण्णा शेतकरी आहेत, घरची घोडी विकली, घोड्यांचे व्यापारी नाहीत, म्हणून ग्राहक आयोगाचाही मार्ग नाही. कबूल केलेलं काही खोटं ठरलं असतं तर किमतीतला फरक मागता आला असता, पण कबूल केलं होतं कुठे?

तरी पोळ्याच्या आधी मी त्यांच्याकडे गेलोच. अण्णा शेतात होते, वहिनींनी चहा ठेवला, आणि मी गोठ्यात जाऊन उभा राहिलो. रिकाम्या गव्हाणीच्या कडेला गॅल्व्हनाइजचा पत्रा खिळे मारून बसवलेला. पत्रा वाकवून खाली पाहिलं तर लाकडात तोच खड्डा, तीच रुंदी. शेजारच्या खुंटीला चामड्याचा रुंद गळपट्टा, हवा ओढू नये म्हणून घोड्याच्या गळ्याला आवळतात तसला. अण्णा आले, मी पत्र्यावर हात ठेवून उभा होतो. ते खाली बघत म्हणाले, "तुम्ही विचारलं असतं तर सांगितलं असतं." घोडी परत घ्यायची तयारी दाखवली, नव्वद हजारात. मी नाही म्हणालो आणि निघालो. जाताना त्यांनी तो गळपट्टा हातात दिला, तो मी घेतला.

त्यांनी लपवलं, हे माझं म्हणणं आजही कायम आहे. खोड माहीत असती तरी मी घोडी घेतली असती, पण सव्वा लाखाच्या वर एक रुपया दिला नसता. साठ हजार आमच्या घरात लहान रक्कम नाही, कांद्याच्या एका गाडीचे पैसे आहेत.

पण त्या गोठ्यात आणखी एक गोष्ट दिसली. तिथे घोडी दिवसभर दोन घोड्यांबरोबर पडीक रानात मोकळी असायची, फक्त रात्री बांधायचे. मी तिला बावीस तास बांधून ठेवत होतो, दोन वेळा भरपूर हरभरा आणि भुस्सा द्यायचो, वैरण त्या मानाने कमी. चांगलं खायला घालतोय असं समजत होतो. डॉक्टरांनी फोनवर सांगितलं की घोड्याच्या जठरात आम्ल चोवीस तास तयार होतं आणि लाळ फक्त चावताना सुटते. रानातलं घोडं दिवसाचे चौदा-सोळा तास चरत असतं. तोंड रिकामं राहिलं की ही सवय वाढते. म्हणजे सवय अण्णांकडची, पण ती इतकी वाढवली मी. फोनवर त्यांना 'खोटारडे' म्हणालो होतो, त्यातलं अर्धं मागे घेतो, आणि तसं त्यांना कळवलंही आहे.

गळपट्टा पाच दिवस बांधला. सवय थांबली, पण घोडी अस्वस्थ झाली, कानामागचे केस गेले. काढून टाकला. हरभरा निम्म्यावर आणला, तोही तीन वेळा थोडा-थोडा. कडबा आणि वाळलेलं गवत बारीक डोळ्यांच्या जाळीत भरून टांगतो, म्हणजे एकेक काडी ओढत खावं लागतं. दिवसा आठ तास म्हशींबरोबर बांधाकडेला मोकळी. ही जुनी सवय पूर्ण जाणार नाही, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं आणि तसंच आहे. आता आवाज मुख्यतः हरभरा खाल्ल्यानंतर अर्धा तास येतो. पोटशूळ पुन्हा झाला नाही.

आणखी एक घोडी विकत घ्यायची वेळ आली तर भोवरे मी चुलत्यांना बघू देईन. मी स्वतः न सांगता सकाळी खाण्याच्या वेळेला जाईन, गव्हाण हाताने चाचपेन, ओठ उचलून दात बघेन, आणि 'कुठलीही खोड असेल तर आत्ता सांगा, नाही सांगितलीत तर नाही असं धरून पैसे देतो' हे वाक्य साक्षीदारांसमोर बोलून स्टॅम्पपेपरवर लिहून घेईन. पहिले पंधरा दिवस रोज रात्री गोठ्यात जाईन, आणि काही वेगळं दिसलं तर त्याच दिवशी लेखी कळवेन.

गाभण घोडीला सहावा महिना चालू आहे, फाल्गुनात शिंगरू यायचं. मुलाने बसणं थांबवलंय, संध्याकाळी नुसता खरारा करतो. तिसरी फळी अजून सपाट आहे, डाव्या कोपऱ्यात दातांची फक्त एक बारीक रेघ उमटली आहे.