इतिहासासाठी पाहायची तर कोणती: ‘व्हायकिंग्स’, ‘द लास्ट किंगडम’ की ‘वल्हाला’?

नॉर्स, म्हणजे व्हायकिंग काळातल्या स्कँडिनेव्हियन लोकांच्या, काळावरच्या तीन मोठ्या मालिकांपैकी एकीपुरताच वेळ असेल आणि ओढ इतिहासाची असेल, तर ‘द लास्ट किंगडम’ निवडावी. तिचा नायक काल्पनिक आहे, तरीही. ‘व्हायकिंग्स’मधली नावं बहुतेक इतिहासातली किंवा दंतकथेतली आहेत, पण त्यातली निम्मी माणसं एकमेकांना भेटणंच शक्य नव्हतं. ‘व्हायकिंग्स: वल्हाला’ची सुरुवात इ.स. १००२ मध्ये इंग्लंडमध्ये झालेल्या डेन लोकांच्या कत्तलीपासून होते आणि तिच्या सुडासाठी निघालेल्या वीरांत हॅराल्ड सिगुर्डसन आहे. खरा हॅराल्ड जन्मला १०१५ च्या सुमारास.

वेळेचा हिशेब असा: ‘व्हायकिंग्स’ (२०१३ ते २०२०) सहा पर्वं, ८९ भाग, भाग साधारण पाऊण तासाचा. ‘द लास्ट किंगडम’ (२०१५ ते २०२२) पाच पर्वं, ४६ भाग, भाग तासाभराचा. ‘वल्हाला’ (२०२२ ते २०२४) तीन पर्वं, २४ भाग. तिन्ही पाहायच्या तर सव्वाशे तास तरी लागतात.

कोणत्या साधनांवर उभी आहे

तिघींमधला मूळ फरक साधनांचा आहे. सभासद बखर आणि तिच्यानंतर शतकाहून अधिक काळाने लिहिलेली चिटणीस बखर यांना पुरावा म्हणून सारखं वजन देता येत नाही, हे मराठी वाचकाला सांगावं लागत नाही. नॉर्स इतिहासात हे अंतर आणखी वाढतं. ‘व्हायकिंग्स’चा नायक रॅग्नार लोथब्रोक याची आइसलँडमधली सागा (गद्य वीरकथा) तेराव्या शतकातली, म्हणजे ज्या काळाबद्दल ती बोलते त्याच्या चारशे वर्षांनंतरची. त्याची बायको लागर्था भेटते ती सॅक्सो ग्रॅमॅटिकसच्या लॅटिन ग्रंथात, आणि तो १२०० च्या आसपासचा. ‘व्हायकिंग्स’चा पाया हा आहे.

‘द लास्ट किंगडम’च्या मागे अँग्लो-सॅक्सन क्रॉनिकल हा जुन्या इंग्रजीतला वर्षवार वृत्तांत आहे. त्याचं संकलन वेसेक्स या दक्षिण इंग्लंडमधल्या राज्याच्या आल्फ्रेड राजाच्याच कारकिर्दीत सुरू झालं. शिवाय ॲसर नावाच्या पाद्र्याने आल्फ्रेडचं चरित्र ८९३ मध्ये, म्हणजे राजा हयात असताना लिहिलं. त्यामुळे वर्ष, लढाईची जागा, कोण मेला, कोणाचा बाप्तिस्मा झाला, हे बऱ्याच अंशी तपासता येतं. अडचण एवढीच की हे सगळं मार खाल्लेल्या बाजूने लिहिलेलं आहे. डेन लोकांच्या घरात काय चालायचं, ते त्यात सापडत नाही. त्यासाठी उत्खननाकडे वळावं लागतं, आणि तिथे तिन्ही मालिका कमी पडतात.

कालक्रम: सगळ्यात मोठी पडझड

‘व्हायकिंग्स’ पाहताना पुढची वर्षं जवळ ठेवावीत. लिंडिस्फार्नच्या मठावरचा हल्ला ८ जून ७९३ चा. वेसेक्सचा एकबर्ट गादीवर ८०२ ते ८३९. पॅरिसला पहिला वेढा ८४५ मध्ये, दुसरा ८८५-८६ मध्ये. उत्तर इंग्लंडमधल्या नॉर्थंब्रियाचा राजा एला यॉर्कला मारला गेला ८६७ मध्ये. रोलो या व्हायकिंग म्होरक्याला सेन नदीकाठचा मुलूख मिळाला ९११ मध्ये. लिंडिस्फार्न ते रोलोचा तह हे अंतर ११८ वर्षांचं आहे. मालिकेत लिंडिस्फार्नच्या वेळी रोलो पुरता प्रौढ आहे, वर रॅग्नारचा सख्खा भाऊ. या नात्याला कोणत्याही साधनाचा आधार नाही.

पॅरिसच्या भागात दोन वेढे एकत्र केले आहेत. ८४५ मध्ये रॅग्नार नावाचा एक म्होरक्या खरोखर १२० जहाजं घेऊन आला होता आणि फ्रँक राजाने ७,००० पौंड चांदी देऊन त्याला परत पाठवलं, अशी समकालीन नोंद आहे. सागांमधल्या रॅग्नारमागे असलेल्या खऱ्या माणसाच्या सर्वांत जवळ आपण इथेच पोहोचतो. पण शहराचा बचाव करणारा ओडो दुसऱ्या वेढ्यातला. शवपेटीतून शहरात शिरण्याची युक्ती तर हेस्टेन या दुसऱ्या व्हायकिंग म्होरक्याबद्दल सांगितली जाते, तीही इटलीतल्या लूना या गावाच्या संदर्भात. प्रसंग म्हणून तो मालिकेतला अव्वल भाग आहे. पॅरिसचा इतिहास म्हणून मात्र तो मनात ठेवू नये.

आणखी एक चूक, जी पहिल्याच भागापासून कथेचा आधार बनते: पश्चिमेला जमीन आहे हे रॅग्नारच्या लोकांना ठाऊकच नसतं. प्रत्यक्षात क्रॉनिकलमध्ये ७८९ च्या नोंदीत पोर्टलंडला आलेल्या तीन जहाजांचा उल्लेख आहे. व्यापारी समजून त्यांना सामोरा गेलेला राजाचा अधिकारी तिथे मारला गेला. उत्तर समुद्रावरची ये-जा त्याच्याही पुष्कळ आधीची. कॅटेगॅट हे गावही नव्हतं. ते डेन्मार्क आणि स्वीडन यांच्यामधल्या समुद्राचं नाव आहे आणि त्या किनाऱ्यावर पडद्यावर दिसतात तसे उंच कडे नाहीत. चित्रीकरण आयर्लंडमधल्या विकलो परगण्यात झालं.

‘द लास्ट किंगडम’चं पहिलं पर्व याच कसोटीवर पाहा. मोठं डेन सैन्य ८६५ मध्ये पूर्व अँग्लियात उतरलं आणि पुढच्या वर्षी त्याने यॉर्क घेतलं. जानेवारी ८७८ मध्ये डेन राजा गुथ्रमने चिपनमवर झडप घातली, आल्फ्रेड सॉमरसेटच्या दलदलीत लपला आणि मे महिन्यात एडिंग्टनला जिंकला. तीन आठवड्यांनी गुथ्रमचा बाप्तिस्मा झाला, आल्फ्रेड त्याचा धर्मपिता झाला. हा सांगाडा मालिकेत जवळजवळ जागच्या जागी आहे. बदल केला आहे तो श्रेय कोणाचं यात. डेन म्होरक्या उब्बा पडला त्या सिनविटच्या लढाईत डेव्हनच्या सैन्याचा प्रमुख ओड्डा होता. मालिकेत उब्बाला मारतो तिचा नायक उट्रेड.

उट्रेडबद्दल एवढंच पुरे की बेबनबर्गचा असा नायक नवव्या शतकात नव्हता. हे नाव ज्याच्यावरून सुचलं तो नॉर्थंब्रियाचा उट्रेड १०१६ मध्ये मारला गेला. या पोकळ जागेचा मालिकेला फायदाच होतो: काल्पनिक माणूस खऱ्या घटनांमधून फिरतो आणि घटना आपल्या क्रमाने घडत राहतात. चौथ्या पर्वापासून मात्र सांधे सैल होतात. टेटनहॉलची लढाई ९१० ची, मध्य इंग्लंडमधल्या मर्शियाच्या एथलरेडचा मृत्यू ९११ चा आणि त्याची पत्नी एथलफ्लॅड टॅमवर्थला वारली १२ जून ९१८ रोजी. हे खरं. डेन म्होरक्या सिगट्रिगने विंचेस्टर जिंकणं ही मात्र कल्पना. त्या काळात विंचेस्टर डेनांच्या हाती कधीच पडलं नाही.

‘वल्हाला’मधली काटछाट सर्वांत धारदार आहे. सेंट ब्राइस दिवसाची कत्तल १३ नोव्हेंबर १००२ ला झाली, क्नूट इंग्लंडचा राजा झाला १०१६ मध्ये. मधली चौदा वर्षं मालिकेने गाळली, आणि त्यांच्याबरोबर खरा सूड घेणारा माणूसही जागचा हलला. क्नूटचा बाप स्वेन फोर्कबिअर्ड याने १०१३ मध्ये इंग्लंड जिंकलं आणि फेब्रुवारी १०१४ मध्ये तो मेला. मालिकेत मुलगा आधी लंडन घेतो आणि बाप मागाहून राज्य सांभाळायला येतो. लीफ एरिक्सन १००० च्या सुमारास व्हिनलंडला, म्हणजे उत्तर अमेरिकेत, गेला होता आणि सागांनुसार ग्रीनलंडला ख्रिस्ती धर्म त्यानेच नेला. कॉन्स्टँटिनोपलला तो गेल्याची नोंद कुठेही नाही. हॅराल्ड मात्र कीव्हमार्गे खरोखर तिथे पोहोचला, बायझंटाइन सम्राटांच्या व्हॅरेंजियन या उत्तरेकडच्या भाडोत्री सैनिकांच्या पथकात लढला आणि २५ सप्टेंबर १०६६ ला स्टॅमफर्ड ब्रिजला मारला गेला. दुसऱ्या पर्वातला नीपर नदीच्या धबधब्यांचा प्रवास म्हणूनच मोलाचा आहे. दहाव्या शतकातल्या एका बायझंटाइन सम्राटाच्या ग्रंथात या मार्गावरच्या सात धबधब्यांची नावं स्लाव्ह आणि रूस (तिथे वसलेले स्कँडिनेव्हियन) अशा दोन्ही भाषांत दिलेली आहेत.

कपडे, केस, ढाली

इथे कोणालाही पहिला नंबर देता येत नाही. तिन्ही मालिकांत माणसं काळ्या-तपकिरी कातड्यात आणि फरमध्ये वावरतात. कबरींमधून मिळालेले कपड्यांचे अवशेष लोकरीचे आणि तागाच्या धाग्याचे आहेत, श्रीमंतांच्या बाबतीत रेशमाचेही. मंजिष्ठेच्या कुळातल्या मुळापासून लाल, वोड नावाच्या पानांपासून निळा, असे भडक रंग असायचे. बायकांच्या खांद्यांवर कासवाच्या पाठीसारख्या काशाच्या दोन पिना आणि त्यांच्यामध्ये मण्यांची माळ, ही डेन्मार्क-स्वीडनच्या कबरींतली ओळखीची जोडी. पडद्यावर ती क्वचित दिसते.

केसांचं प्रकरण आणखी उलटं आहे. दोन्ही कानशिलं भादरून मध्ये वेणी, ही रॅग्नारमुळे जगभर पसरलेली ढब कोणत्याही समकालीन साधनात नाही. जुन्या इंग्रजीतल्या एका पत्रात डेन धाटणीची निंदा आहे, ती ‘उघडी मान आणि झाकलेले डोळे’ या शब्दांत: म्हणजे मागे बारीक, पुढे लांब. गोंदणाचा आधार एकच. ९२२ मध्ये व्होल्गाकाठी रूस व्यापाऱ्यांना पाहणाऱ्या इब्न फदलानने अंगभर गडद आकृत्या असल्याचं लिहिलं आहे. तेवढ्यावरून प्रत्येक सैनिकाचं डोकं गोंदवणं हे जास्तच झालं.

शस्त्रांमध्ये ‘व्हायकिंग्स’ची पहिली पर्वं बरी आहेत. ढाल गोल, मधोमध लोखंडी वाटी आणि तिच्यामागे पकड, हे बरोबर. नॉर्वेतल्या गोकस्टाड जहाजाबरोबर ६४ ढाली सापडल्या, व्यास सुमारे ९४ सेंटिमीटर, पिवळ्या आणि काळ्या रंगाच्या. अशा ढालीची पाइन लाकडाची फळी जेमतेम सात-आठ मिलिमीटर असायची, म्हणून ती घाव थोपवण्याऐवजी तो बाजूला वळवण्यासाठी वापरायची. तिन्ही मालिकांतल्या लढाया ढालींच्या भिंतीने सुरू होतात आणि मिनिटभरात नायक रांग मोडून एकटा पुढे धावतो. खऱ्या रणात रांग मोडणं म्हणजे शेजाऱ्याची बाजू उघडी टाकणं.

जहाजांच्या बाबतीत ‘व्हायकिंग्स’ बिनधास्त पाहा. एकावर एक चढवलेल्या फळ्या, उथळ पाण्यात थेट वाळूवर चढणारा तळ, वल्हं आणि चौकोनी शीड, हे सगळं मन लावून दाखवलं आहे. ताडून पाहायला नॉर्वेतलं ओसबर्गचं जहाज आहे: लांबी साडेएकवीस मीटर, तीस वल्ही, ८३४ मध्ये दोन स्त्रियांसह पुरलेलं.

लढणाऱ्या बायका, देव आणि रक्त

लागर्थामुळे प्रश्न पडतो की बायका लढायच्या का. स्वीडनमधल्या बिर्का इथली बीजे ५८१ ही कबर १८७८ मध्ये खणली गेली. तलवार, कुऱ्हाड, भाला, बाण, दोन ढाली, दोन घोडे आणि पटावरच्या सोंगट्या पाहून तो पुरुष योद्धा ठरला. २०१७ मध्ये डीएनए तपासल्यावर सांगाडा बाईचा निघाला. ती प्रत्यक्ष लढली का, यावर अभ्यासकांचा वाद आहे. एका कबरीवरून ‘व्हायकिंग्स’मधल्या ढालधारी बायकांच्या फौजा सिद्ध होत नाहीत, पण शक्यता आता थट्टेवारी नेता येत नाही. ‘वल्हाला’मधली कॅटेगॅटची स्त्री-यार्ल (सरदार) मात्र पूर्ण काल्पनिक आहे. या बाबतीत ‘द लास्ट किंगडम’ची एथलफ्लॅड सरस: स्वतः राज्य करणारी, किल्ले बांधणारी, डर्बी आणि लेस्टर ताब्यात घेणारी खरी स्त्री.

‘व्हायकिंग्स’मधला स्वीडनच्या उप्सालाच्या बळींचा भाग ब्रेमेनच्या ॲडमच्या १०७० च्या दशकातल्या वर्णनावर बेतलेला आहे: दर नऊ वर्षांनी उत्सव, झाडांना टांगलेली माणसं आणि जनावरं. ॲडम ख्रिस्ती पाद्री होता आणि त्याने ते ऐकून लिहिलं. मालिकेने ते डोंगरात नेलं आणि देवळाला नंतरच्या काळातल्या लाकडी चर्चसारखा आकार दिला. गाम्ला उप्साला सपाट मैदानावर आहे. पाठ फाडून फुप्फुसं बाहेर काढण्याची ‘रक्तगरुड’ ही शिक्षा तर अकराव्या शतकातल्या कवितेच्या एका ओळीवर टेकलेली आहे. मेलेल्याच्या पाठीवर गिधाडासारखा गरुड बसला, एवढाच तिचा अर्थ असू शकतो.

राज्य कसं चालायचं

इथे ‘द लास्ट किंगडम’ स्पष्टपणे पुढे आहे. आल्फ्रेडची तटबंदी गावांची योजना तिच्यात राजकारणाचा विषय म्हणून येते. दहाव्या शतकाच्या सुरुवातीच्या एका यादीत अशी तीसेक ठाणी आणि सुमारे २७,००० माणसांची सोय दिली आहे. हिशेब असा की तटाच्या दर ५.०३ मीटरला चार माणसं. विंचेस्टरच्या वाट्याला २,४०० माणसं येतात, म्हणजे तट सुमारे ३,०१८ मीटर. तिथला रोमन तट मोजला तर जवळजवळ तितकाच भरतो. डेन पुढे का हरत गेले, त्याचं उत्तर उट्रेडच्या तलवारीपेक्षा या आकड्यांत आहे.

व्यापाराला तिघींनीही न्याय दिलेला नाही. अरबी चांदीची नाणी स्कँडिनेव्हियात प्रचंड संख्येने सापडतात. स्वीडनच्या हेल्गो बेटावर तर उत्तर भारताच्या बाजूची काशाची छोटी बुद्धमूर्ती मिळाली. गुलामांचा बाजार हा या संपत्तीचा मोठा भाग होता. तो आणि शेतीतले कष्ट पाहायचे असतील तर ‘व्हिनलंड सागा’ या जपानी ॲनिमेशन मालिकेचं दुसरं पर्व (२०२३) घ्या. डेन्मार्कमधल्या शेतावर जंगल तोडून जमीन तयार करणारे गुलाम तिच्या केंद्रस्थानी आहेत.

पाहायचं ठरलं तर

‘द लास्ट किंगडम’ची पहिली तीन पर्वं सलग पाहा, आल्फ्रेडच्या मृत्यूपाशी, ऑक्टोबर ८९९ ला, एक गोष्ट पूर्ण होते. ठिकाणाचं नाव पडद्यावर आधी जुन्या इंग्रजीत आणि मग आजच्या रूपात येतं, तेव्हा नकाशा उघडा ठेवा. ‘व्हायकिंग्स’ घेतली तर एलाच्या शेवटापर्यंत, म्हणजे चौथ्या पर्वापर्यंत पुरे. त्यात वेगवेगळे लोक समोरासमोर येतात तेव्हा जुनी नॉर्स, जुनी इंग्रजी, लॅटिन या भाषा ऐकू येतात, आणि ते दुसरीकडे मिळत नाही. ‘वल्हाला’ शेवटी पाहावी, तीही १००२, १०१३, १०१४, १०१६ ही चार वर्षं कागदावर लिहून.

‘लास्ट किंगडम’ला जोडून आलेला २०२३ चा चित्रपट ९३७ मधल्या ब्रुनानबर्गच्या लढाईवर आहे. ८६६ मध्ये दहाएक वर्षांचा असलेला उट्रेड तोवर ऐंशीला टेकलेला असायला हवा, आणि पडद्यावर तो अजून पहिल्या फळीत लढतो.