जुन्या हायलक्सचा पुढचा एक्सल-शाफ्ट संच : शाफ्ट चांगले, सील टाकाऊ

आधी गाडी नक्की कोणती ते सांगतो. पुढे पाट्यांवर बसलेला सलग एक्सल असलेली टोयोटा हायलक्स फोर-बाय-फोर. अमेरिकेत हा एक्सल १९८५ नंतर बंद झाला, पण आखात, आफ्रिका आणि ऑस्ट्रेलियात १९९७ पर्यंत मिळत होता. ओमान-अमिरातीतल्या गॅरेजांत काम करणाऱ्या आपल्या मंडळींना तो नवा नाही. भारतात २०२२ साली आलेल्या हायलक्सची पुढची बांधणी वेगळी आहे, तिला यातला एकही भाग लागणार नाही.

बिनब्रँडच्या डब्यात मिळणाऱ्या या संचात दोन आतले शाफ्ट, दोन बर्फील्ड जॉइंट (चाक वळलेले असतानाही फिरकी पोचवणारे गोट्यांचे सांधे), चार नकल बेअरिंग (नकल म्हणजे जॉइंटला वेढणारी, चाकासोबत वळणारी पोकळ बांधणी), गॅस्केट आणि सीलचे पाकीट असते. डिफ (डिफरेन्शियल, दोन्ही चाकांना फिरकी वाटणारा गिअरचा डबा) उजवीकडे असल्याने डावा शाफ्ट लांब आणि उजवा आखूड. जॉइंट मात्र दोन्हीकडे सारखेच. पैसे देण्यापूर्वी शाफ्टच्या टोकांवरचे दाते मोजा : डिफच्या टोकाला ३०, जॉइंटच्या टोकाला २७. शाफ्ट जॉइंटमध्ये हाताने सरकला पाहिजे, पण पिळून पाहिल्यावर खडखडता कामा नये. या कसोटीला संच उतरतो. दात्यांची घडण स्वच्छ, गोट्यांच्या खाचा गुळगुळीत, सर्कलिपची (शाफ्ट अडवून धरणाऱ्या कड्याची) खाच नीट कापलेली.

जॉइंट डब्यातून येतो तो गंज न चढावा म्हणून तेल लावून. ते ग्रीस समजून तसाच बसवणारे आहेत, आणि मग माल खराब म्हणून ओरडणारेही तेच. रॉकेलने धुवा, वाळवा, जॉइंट पूर्ण वाकवून गोट्यांच्या मागपर्यंत मॉलिब्डेनमचे ग्रीस दाबून भरा. नकलची पोकळीही पाऊण भरायची, म्हणून किलोभर ग्रीस हाताशी असू द्या. शाफ्ट ठोकून बसवल्यावर जोरात ओढून पाहा. सर्कलिप धरली नसेल तर आत्ताच कळेल.

आता सील. आतले ऑइल सील कडक रबराचे आहेत आणि त्यांच्या ओठामागची स्प्रिंग सैल. संचातली हीच वस्तू सर्वांत स्वस्त, आणि नेमकी तिच्यावरच सगळी भिस्त. ते सील गळले की डिफचे ९० नंबरचे तेल नकलमध्ये उतरते, ग्रीसचे काळे पाणी होते आणि चाकाच्या आतल्या बाजूने ओघळते. जॉइंट मरतो तो बहुतेक वेळा असा, ताकद कमी पडून नव्हे. हे दोन सील फेकून कंपनीचे अस्सल घ्या. एक्सलच्या टोकाच्या गोळ्याभोवतीची नमदा-रबर-पत्र्याची पुसणी मात्र चालण्यासारखी आहे.

अस्सल सीलही दोन कारणांनी गळते. एक्सलचा ब्रीदर (आतली हवा बाहेर सोडणारी वाट) तुंबला की आतली गरम हवा तेल ढकलते. काम हाती घेतानाच तो उघडून फुंकर मारून पाहा. दुसरे म्हणजे शाफ्ट आत सारताना त्याचे वजन सीलच्या ओठावर टेकते आणि दाते रबर चिरतात. ओठाला ग्रीस लावा, शाफ्ट हाताने उचलून धरा आणि दाते डिफमध्ये शिरेपर्यंत सोडू नका.

खोलण्याचा क्रम अवघड नाही. कॅलिपर तारेने टांगा, होज सुटी करू नका. फ्री-व्हील हबचे (चाक शाफ्टला जोडणाऱ्या-सोडणाऱ्या हबचे) झाकण काढून शाफ्टच्या टोकाची सर्कलिप सोडा, मग सहा नट आणि त्यांखालचे शंकूच्या आकाराचे वॉशर. हे वॉशर अडकतात. छिन्नी न घालता हबवर बाजूने पितळी दांड्याने ठोका, उसळून येतात. हबचे आतला आणि बाहेरचा असे दोन नट, ५४ मिमीचे. त्यांना छिन्नीने फिरवण्याची सवय जुनी आणि वाईट, कारण नंतर बेअरिंगचा ताण मोजून लावताच येत नाही. स्पिंडलचे (हब ज्यावर फिरतो त्या पोकळ नळीचे) आठ बोल्ट काढा, तो हलवून सुटा करा. जॉइंटची सपाट बाजू वर आणा, की अख्खा शाफ्ट बाहेर. स्पिंडलमधले ब्राँझचे बुश झिजले असेल तर नवा जॉइंटही डुलेल. हे बुश संचात नाही, वेगळे मागवा.

फक्त शाफ्ट आणि आतले सील बदलायचे असेल तर नकल जागेवरच राहते. पुसणी आणि नकल बेअरिंगसाठी ती उतरवावी लागते. तेव्हा वरच्या-खालच्या शिम (पातळ चकत्या) जिथल्या तिथे खूण करून ठेवा. त्या उलटसुलट झाल्या की नकल मध्यावरून सरकते, शाफ्ट सीलच्या एका कडेला घासतो आणि नवे सील पुन्हा गळते.

बसवताना हबचा आतला नट ६० न्यूटन-मीटरला आवळा, हब दोन्ही दिशांना फिरवा, सैल करा, मग हलका ताण द्या, लॉक वॉशर आणि बाहेरचा नट चढवून आवळा आणि वॉशरची पाकळी दुमडा. शाफ्टचे टोक सर्कलिपच्या खाचेपर्यंत येत नसेल तर त्यातल्या आट्यांत ८ मिमीचा बोल्ट घालून बाहेर ओढा.

फोर-व्हीलमध्ये पूर्ण वळणावर टकटक येते, पण शाफ्ट तुटलेला नाही, अशा गाडीला हा संच लगेच घेऊ नका. जुने जॉइंट डावे-उजवे अदलाबदल करा. खाचांची न झिजलेली बाजू कामाला लागते आणि खर्च सील-ग्रीसवर भागतो. गोट्यांच्या खाचांत खड्डे किंवा गोट्या धरणाऱ्या पिंजऱ्याला तडा दिसला तर मात्र संच घ्या, सीलचे पाकीट वगळून.