ऑलिव्ह की खोबरेल? घरी साबण करण्याआधी

घरी पहिल्यांदा साबण करायचा, तर तेल कोणतं घ्यायचं? मी दोन्हींचे घाणे काढलेत आणि दोन्ही रोजच्या अंघोळीला वापरलेत, म्हणून सांगते.

निव्वळ ऑलिव्ह तेलाच्या साबणाला स्पेनमधल्या प्रांतावरून ‘कॅस्टील’ म्हणतात. थंडीत अंग उलणाऱ्यांसाठी याच्याइतका मऊ साबण मला दुसरा मिळालेला नाही. पण त्याला घाई चालत नाही. इतर साबण चार ते सहा आठवड्यांत मुरतात, याला सहा महिने ते वर्ष लागतं. माझी पहिली वडी दीड महिन्यात काढली, तर भेंडी चिरल्यासारखी हाताला तार सुटली; फेस नावालाही नाही. त्याच घाण्यातली वडी दहा महिन्यांनी घेतली, तर टणक, आणि फेस सायीसारखा.

खोबरेलाचं उलट. त्यातल्या लॉरिक आम्लामुळे बोअरच्या जड पाण्यातही भरपूर फेस येतो. तोच गुण त्वचा कोरडी करतो, म्हणून कॉस्टिक सोडा (तेलाचा साबण करणारा तीव्र सोडा, खायचा नव्हे) कमी धरून 20 टक्के तेल साबण न होता मोकळं ठेवायचं: 500 ग्रॅम तेलाला 73 ग्रॅम सोडा. ऑलिव्हला 5 टक्के पुरे, म्हणजे तेवढ्याच तेलाला 64 ग्रॅम. खोबरेलाची वडी त्याच दिवशी, कोमट असतानाच कापा. दुसऱ्या दिवशी सुरी टेकवली की भुगा होतो.

ऑलिव्ह तेल महाग पडतं, पण एक्स्ट्रा व्हर्जिनची गरजच नाही. कॉस्टिकपुढे त्याचा वास टिकत नाही. पोमेस, म्हणजे ऑलिव्हच्या चोथ्यातून काढलेलं तेल घ्या, ते घोटताना लवकर दाटतंही.

पहिल्याच वेळेला मी मिश्रण सुचवेन: ऑलिव्ह 350 ग्रॅम, खोबरेल 150, शुद्ध कॉस्टिक सोडा 71, पाणी 142. सगळं वजनकाट्यावर, पाणीसुद्धा. सोडा पाण्यात घालायचा, पाणी सोड्यावर कधीही ओतायचं नाही. भांडं स्टीलचं; ॲल्युमिनियम सोड्याने खाल्लं जातं. हातमोजे आणि चष्मा हवाच, लहान मुलं स्वयंपाकघराबाहेर.

हा साबण सहा आठवड्यांत वापरता येतो. पावसाळ्यात वड्यांना घाम सुटतो, तेव्हा त्या वाऱ्याला मोकळ्या मांडा. सोबत थोडा निव्वळ ऑलिव्हचाही घाणा काढलात, तर कागदावर तारीख लिहून त्या वड्या वरच्या फळीवर ठेवा, घरच्यांचा हात पोहोचणार नाही अशा.