बर्फाच्या लादीचं गणित: ओपनसॉल्व्हरसोबत तीन मोसम

आमचा रत्नागिरीत बर्फाचा कारखाना आहे. भाऊ प्लांट बघतो, मी हिशेब आणि वीजबिल. मच्छीमार बोटींना बर्फ पुरवणं हाच धंदा. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंदी असते, आणि ऑगस्ट उजाडला की एकदम झुंबड. आमच्या खर्चात पहिला नंबर विजेचा, म्हणून विजेसाठी वापरलेल्या एका साधनाबद्दल सविस्तर लिहिते आहे. त्याचं नाव ओपनसॉल्व्हर. आपण घातलेल्या अटी पाळून सगळ्यात कमी खर्चाचं उत्तर शोधून देणारं. एक्सेलमध्ये बसणारं, फुकट, मुक्त-स्रोत अ‍ॅड-इन. न्यूझीलंडच्या ऑकलंड विद्यापीठात अँड्र्यू मेसन यांनी ते विकसित केलं.

आधी आमचा प्रश्न सांगते. तीन कॉम्प्रेसर, वेगवेगळ्या वयाचे. प्रत्येकाची मोटर साधारण 30 किलोवॅटची, म्हणजे एक तास चालला की 30 युनिट. आमच्याकडे एक टन बर्फाला जवळपास 70 युनिट लागतात. 2023 मध्ये मी सुरुवात केली तेव्हा महावितरणच्या वेळेनुसार दरात रात्री 10 ते सकाळी 6 युनिटमागे दीड रुपया सवलत होती, सकाळी 9 ते 12 ऐंशी पैसे जास्त आणि संध्याकाळी 6 ते 10 एक रुपया दहा पैसे जास्त. आमचे ऑपरेटर काका म्हणायचे, "ताई, रात्री तिन्ही चालू, संध्याकाळी तिन्ही बंद. एवढंच गणित." त्याआधी एका सल्लागार कंपनीला पैसे मोजून अहवाल घेतला होता. रंगीत आलेख भरपूर होते आणि शेवटी सल्ला काकांचाच होता. ते पैसे मला आजही टोचतात.

कारण गणित एवढंच नाही. संध्याकाळी तिन्ही बंद ठेवले की ब्राइन, म्हणजे बर्फाचे डबे ज्यात बुडवलेले असतात ते गार मिठाचं पाणी, पहिल्याच तासात जवळजवळ दोन अंश चढतं. रात्री 10 ला उणे 5 च्या आसपास आलेलं असतं, आणि पहाटे डबे काढले की लादीचं पोट कच्चं निघतं. बाहेरून पांढरी, टणक, पण मधोमध बोटभर पाण्याची नळी. बोटीवर चढवताना अशी लादी दोन तुकडे होते आणि तांडेल पुढच्या वेळी दुसऱ्या कारखान्यात जातो. हे नुकसान वीजबिलात कुठेच दिसत नाही.

सुरुवात एक्सेलच्या स्वतःच्या सॉल्व्हरने केली. तो चांगला आहे, शिकायला तर उत्तमच. पण त्यात बदलत्या सेलची, म्हणजे ज्यांचे आकडे सॉल्व्हरने ठरवायचे त्या सेलची, मर्यादा 200 आहे. एका दिवसाचे 24 तास गुणिले तीन कॉम्प्रेसर म्हणजे 72, ते बसतं. पण आमची मागणी आठवड्याची असते. शुक्रवारी बोटी कमी सुटतात, शनिवारी एकदम ओढ लागते. त्यामुळे शुक्रवारी स्वस्त तासांत बर्फ करून साठा-खोलीत ठेवायचा का, हा प्रश्न दिवसाच्या शीटमध्ये येतच नाही. आठवड्याचे 168 तास गुणिले तीन, 504 सेल. ओपनसॉल्व्हरला अशी मर्यादा नाही, आणि एक्सेलच्या सॉल्व्हरमध्ये मांडलेलं जुनं मॉडेल जसंच्या तसं उघडतं.

बसवायला सोपं आहे. झिप फाइल उतरवायची, त्यातल्या सगळ्या फाइल एका फोल्डरमध्ये काढून ठेवायच्या, ओपनसॉल्व्हरची फाइल उघडायची. मॅक्रोला परवानगी द्यावी लागते. मात्र फोनवर चालणार नाही, संगणकावरचं एक्सेल हवं. आत काम करतो तो कॉइन-ऑर प्रकल्पातला सीबीसी सॉल्व्हर. चालू म्हणजे 1, बंद म्हणजे 0, अशा सेलची कोडी तो फांद्या पाडत आणि नको त्या छाटत सोडवतो. टॉलरन्स, म्हणजे सर्वोत्तम उत्तरापासून चालणारा फरक, एक टक्का ठेवलं की आमचा आठवडा दोन-तीन मिनिटांत सुटतो.

सगळ्यात आवडलेली सोय म्हणजे मॉडेल शीटवरच रंगवून दाखवणं. कोणते सेल बदलणार, कोणता आकडा कमी करायचा, कुठल्या ओळीवर कोणती अट आहे, सगळं चौकटी काढून समोर. काकांना कागदावरची सूत्रं कधी दाखवली असती तर त्यांनी मान डोलावली असती आणि आपलंच चालू ठेवलं असतं. रंगवलेली शीट बघून त्यांनी बोट ठेवून विचारलं, "ही क्रशरची वेळ कुठंय?" ती नव्हतीच! बोटी भरताना क्रशर (बर्फ फोडणारं यंत्र) आणि पंप एकत्र चालतात, त्यात तिन्ही कॉम्प्रेसर असले की सर्वोच्च मागणी, म्हणजे एका वेळी ओढलेली सगळ्यात जास्त वीज, उसळते. मीटर अर्ध्या तासाची सरासरी धरतो, म्हणजे महिन्यातला एकच वाईट अर्धा तास डिमांड चार्ज, म्हणजे या मागणीवरचा वेगळा आकार, वाढवायला पुरतो. क्रशर चालू असेल त्या तासात दोनच कॉम्प्रेसर, ही अट त्या दिवशी घातली.

एक गोष्ट नव्या माणसाने आधीच जाणून घ्यावी. सूत्रं सरळ, म्हणजे रेषीय हवीत: फक्त बेरीज-वजाबाकी आणि ठरलेल्या आकड्याने गुणाकार. साठा-खोलीतली वितळ मी एक्सेलचं इफ, म्हणजे जर-तरचं सूत्र वापरून लिहिली होती. सॉल्व्हरने उत्तर दिलं, पण सोबत रेषीयता तपासून इशाराही दिला की मॉडेल सरळ नाही. तो इशारा नसता तर मी चुकीचं वेळापत्रक भिंतीवर लावलं असतं. मग वितळ साध्या टक्केवारीत लिहिली, आणि ब्राइनची प्रत्येक तासाची ओळ बेरीज-वजाबाकीत बसवली: मागच्या तासाचं तापमान, अधिक आपोआप चढणारं, वजा प्रत्येक चालू कॉम्प्रेसरने उतरवलेलं. हे आकडे कुठल्या पुस्तकात मिळत नाहीत. आठ दिवस मी आणि काकांनी दर तासाला थर्मामीटर घालून लिहून काढले. खरी मेहनत तिथे आहे.

निकाल असा आला की संध्याकाळी एक कॉम्प्रेसर चालू ठेवायचा, तोही बहुतेक दिवस शेवटचे दोन तासच, आणि दुपारी 12 ते 6 या साध्या दराच्या वेळात आम्ही जी सुस्ती करायचो ती बंद करायची. बिलात महिन्याला साधारण सहा हजारांचा फरक पडला. कच्च्या पोटाच्या लाद्या जवळपास थांबल्या, आणि माझ्या मते मोठा फायदा तोच.

पण या साधनाने मला सगळ्यात जास्त दिलं ते वेळापत्रकात नाही. भावाला साठा-खोली वाढवायची होती, कर्ज काढून. मी 0-1 ची अट सैल करून, म्हणजे कॉम्प्रेसर अर्धवट चालू धरायलाही मुभा देऊन, छाया-किंमत काढली. एखादी अट एका एककाने ढिली केली तर खर्च किती उतरतो, तो आकडा. मग खोलीत एक टन जागा जास्त धरून मूळ मॉडेलही पुन्हा सोडवलं. ऐन मोसमात एक टन जादा जागेची किंमत आठवड्याला 180 रुपयांच्या आसपास निघाली. हाताने पडताळता येतं: 70 युनिट महागड्या संध्याकाळवरून स्वस्त रात्रीवर गेले, फरक दोन रुपये साठ पैसे, गुणाकार 182. आणि हे आठवड्यातून एकदाच, शुक्रवारच्या जोरावर. एवढ्यावर कर्जाचा हप्ता कसा निघणार? तेच गणित ब्राइन टाकीच्या झाकणांना लावलं तर गळणाऱ्या थंडीची किंमत रोजच्या रोज दिसत होती. बंदीच्या दोन महिन्यांत झाकणं आणि टाकीचं इन्सुलेशन नवं केलं. खोली आहे तेवढीच आहे. भाऊ आधी नाराज होता, नंतर त्याने स्वतः शीट उघडून आकडे बदलून पाहिले.

2025 मध्ये दरपत्रकच उलटं झालं. रात्रीची जुनी सवलत गेली, सकाळी 9 ते संध्याकाळी 5 हे सौर तास स्वस्त झाले, संध्याकाळी 5 ते रात्री 12 महाग. ओळखीचे कारखानदार हवालदिल झाले होते. मी शीटमधले 24 दर बदलले आणि सोडवलं. मात्र पहिलं उत्तर आम्ही वापरलं नाही. दुपारी कंडेन्सरचं पाणी तापतं, प्रेशर चढतं आणि तेवढ्याच युनिटात बर्फ कमी पडतो. म्हणून तासागणिक उत्पादनाचे आकडे पुन्हा मोजून घातले. त्यानंतर सौर तासांचा फायदा उतरला, पण उरला.

असं गणित सोडवण्याची सिम्प्लेक्स पद्धत जॉर्ज डँट्झिग यांनी 1947 मध्ये मांडली. 1984 मध्ये बेल लॅब्समध्ये असताना प्रचंड मोठ्या कोड्यांसाठी वेगळी वाट काढली ती नरेंद्र करमरकर यांनी. ग्वाल्हेरच्या मराठी घरातले, आयआयटी मुंबईचे विद्यार्थी. देशाच्या ग्रिडवरही एप्रिल 2019 पासून कोणत्या वीजकेंद्राने किती वीज द्यायची हे खर्च किमान ठेवून ठरवणारी व्यवस्था सुरू झाली. तिथे शेकडो कोटींचा मामला, आमच्याकडे तीन कॉम्प्रेसर. प्रश्नाची जात मात्र एकच. म्हणून छोट्या उद्योगांनी हे परकं मानू नये असं मला मनापासून वाटतं. शीतगृह, दूध थंड करणारी केंद्रं, पीठगिरण्या, उपसा पंप, जिथे काम थोडं पुढे-मागे सरकवता येतं तिथे हे चालेल. ज्यांचं यंत्र दिवसभर एकसारखं चालायलाच हवं, त्यांना मात्र यातून फार काही मिळणार नाही.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार. अर्धा गुण कापला तो मला मराठीत एकही मार्गदर्शिका सापडली नाही म्हणून. कोणाला हवी असेल तर आमच्या शीटची रिकामी प्रत द्यायला मी तयार आहे, फक्त ब्राइनचे आकडे तुमचे तुम्ही मोजा. पुढच्या बंदीत छतावर किती किलोवॅट सोलर टाकायचं ते याच शीटमध्ये बसवायचं आहे. त्यासाठी ऑगस्टपासून रोज दुपारी छतावरच्या सावलीच्या वेळा लिहून ठेवायला सुरुवात केली आहे.