आधी भीती की आधी धडधड?

रात्री अवेळी दार वाजतं आणि छातीत धस्स होतं. म्हणून हृदयालाच भावना कळतात, ते विचारही करतं, असं म्हटलं जातं. ते कितपत खरं? अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी 1884 मध्ये मांडलं की आधी शरीर प्रतिसाद देतं, आणि त्या बदलाची जाणीव म्हणजेच भीती. शरीरक्रियाशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांना हे पटलं नाही. 1927 मध्ये त्यांनी विचारलं, राग, भीती, ताप, सगळ्यांतच हृदय जोरात धडधडतं, मग नुसत्या धडधडीवरून भावना ओळखायची कशी? त्यांच्या मते भावना मेंदूतच उपजते.

मला कॅनन यांचं पारडं जड वाटतं. हृदय प्रत्यारोपणात हृदयाला मेंदूशी जोडणारे मज्जातंतू तुटतात. त्यामुळे माणूस स्वस्थ बसला तरी नवं हृदय मिनिटाला साधारण 90 ते 110 ठोके देतं. तरी तो माणूस रडतो, चिडतो, नातवंडांवर जीव टाकतो.

पण जेम्स यांना मोडीत काढायची घाई नको. 2023 मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी उंदरांच्या हृदयाचे ठोके प्रकाशाच्या झोताने वाढवले. उंदीर धोक्याच्या जागी जास्त बिचकू लागले. मेंदूतल्या इन्सुला या भागाचं काम रोखलं, तेव्हा ते बिचकणं कमी झालं! म्हणजे निरोप हृदयाचा, अर्थ मेंदूने लावलेला. हे फार मोलाचं आहे, कारण घाबरलेल्या माणसाची धडधड ही त्या भीतीत खरोखर भर घालत असावी.

विचारांचं मात्र तसं नाही. हृदयाला स्वतःच्या चेतापेशी असतात, पण त्या ठोक्यांची लय सांभाळतात. त्या विचार करतात याला पुरावा नाही.