घोड्याची नाल: ठेवावी की काढावी?

नाल काढायचं मनात आलं की बहुतेक जण आधी पैशांचा हिशेब मांडतात. तो फसवा आहे. नाल गेली तरी नालबंद सुटत नाही. नाल असताना तो सहा ते आठ आठवड्यांनी लागतो, अनवाणी घोड्याच्या खुरांना मात्र चार ते सहा आठवड्यांनीच कानस लावावी लागते. त्यात घोड्याचे बूट घ्यावे लागले, तर वाचलेले पैसे तिकडे जातात.

खरा फरक पडतो तो खुराच्या तळाशी. नालेमुळे भार बहुतांशी खुराच्या कडेच्या भिंतीवर, म्हणजे बाहेरच्या कडक कवचावर येतो आणि तळवा जमिनीपासून थोडा वर राहतो. म्हणूनच नालवाला घोडा खडीवरून न अडखळता जातो, डांबरी रस्त्यावर खूर झिजत नाहीत. पण टाचेला मोकळेपणी फाकता येत नाही, कठीण जमिनीचे हादरे जास्त बसतात आणि दर वेळी नव्या खिळ्यांनी भिंत पोखरली जाते. अनवाणी खुरात तळव्यामागचा रबरासारखा त्रिकोणी भाग जमिनीला टेकतो आणि हादरे झेलतो. अर्थात तो भाग आधी कणखर व्हावा लागतो, तो सडलेला असेल तर आधी उपचार.

घाई करणारे इथेच फसतात. खूर महिन्याला साधारण 6 ते 10 मिलिमीटर वाढतो, म्हणजे पुढची भिंत वरपासून खालपर्यंत नवी यायला 9 ते 12 महिने. पहिले काही आठवडे घोडा खड्यांवर जपून पाय टाकणारच. पण सपाट, मऊ जमिनीवरही तो लंगडत असेल किंवा खूर गरम लागत असेल, तर ‘सवय होईल’ म्हणत बसू नका, पशुवैद्याला बोलवा. एरवी बाजूला उकिडवं बसून त्याची चाल पाहा: टाच आधी टेकते की पुढचं टोक? टोक आधी टेकत असेल, तर बहुधा टाचेचा भाग दुखतोय.

नाल उपसतानाही खिळ्यांची वाकवलेली टोकं आधी सरळ करायला हवीत, नाहीतर भिंतीचे तुकडे निघतात. त्यानंतर कडा गोल करून घ्यावी, तळवा मात्र कोरू नये. पुन्हा नाल ठोकायच्या बेताने खूर सपाट कापून ठेवणारा नालबंद या कामाचा नाही.

रोज खडकाळ रस्त्यावर काम, पातळ तळवा आणि विश्रांती द्यायला सवड नाही, अशी स्थिती असेल तर नालच बरी. तिच्या नावाने उगाच बोटं मोडू नयेत. रोज फिरायला मोकळी, कोरडी जमीन आहे, चाऱ्यात साखर-स्टार्च कमी आहे आणि काही महिने काम हलकं ठेवता येतंय, तर काढून पाहावी. खुराला सूज येऊन गेली असेल, तर मात्र एक्स-रे काढल्याशिवाय हात लावू नये. मधला मार्गही आहे: आधी फक्त मागच्या पायांची नाल काढायची. घोड्याचा जास्त भार पुढच्या पायांवर असल्याने मागचे पाय सहसा लवकर सरावतात.