अकरा मिलिमीटर रबर आणि सव्वासहा लाख रुपये: क्रेटा १.४ टर्बोवरून एन लाइनवर जावे का?

माझी ह्युंदाई क्रेटा १.४ टर्बो डिसेंबर २०२० ची आहे, रनिंग एकाहत्तर हजारांच्या पुढे गेले आहे, आणि यंदाच्या जुलैपर्यंत ती बदलावी असे एकदाही मनात आले नव्हते. तो विषय घरात आणला एका खड्ड्याने. कराडहून पुण्याला येताना साताऱ्याच्या थोडे अलीकडे, कामासाठी वळवलेल्या रस्त्यावर, पाण्याखाली दडलेल्या खड्ड्यात पुढचे डावे चाक आपटले. गाडी सरळ चालत होती म्हणून तशीच घरी आणली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तर टायरच्या साइडवॉलवर, म्हणजे बाजूच्या भिंतीवर, अर्ध्या लिंबाएवढा फुगा आलेला. पंक्चरवाल्याने त्यावर अंगठा दाबून पाहिला आणि "आतले धागे तुटलेत साहेब, आता नुसत्या रबरावर हवा उभी आहे," एवढेच सांगितले.

विमा कंपनीचे उत्तर याहून बरेच लांब होते, पण त्याचा अर्थ शून्य असा होता. मोटार विम्याच्या नेहमीच्या अटींनुसार टायरबरोबर गाडीचेही नुकसान झाले असेल तरच टायरच्या किमतीच्या निम्मी रक्कम मिळते. नुसता टायर गेला तर काहीच मिळत नाही. म्हणजे बंपरही फुटला असता तर बरे झाले असते, असे म्हणण्याची पाळी माझ्यावर आली. नऊ हजार सातशे रुपये मोजून एक टायर घेतला आणि तेव्हापासून रस्त्यावरच्या प्रत्येक गाडीचे मी आधी टायर पाहू लागलो. पुढचे सगळे याच नजरेने लिहिलेले आहे, हे वाचणाऱ्याने लक्षात ठेवावे.

ऑगस्टमध्ये मेहुणा कामानिमित्त चार महिन्यांसाठी जर्मनीला गेला आणि जाताना आपली निळी एन लाइन (क्रेटाचीच स्पोर्टी आवृत्ती), सहा गिअरची मॅन्युअल, आमच्या पार्किंगमध्ये लावून गेला. "दाजी, नुसती उभी ठेवू नका, चालवा. आवडली तर तुम्हीच घ्या, मला पुढची इलेक्ट्रिकच घ्यायची आहे," असे तो म्हणाला. त्यामुळे शोरूमची वीस मिनिटांची फेरी न मारता दोन्ही गाड्या चार महिने आलटूनपालटून चालवण्याची सोय आपोआप झाली, आणि एन लाइन या काळात चार हजार तीनशे किलोमीटर चालली.

पहिल्याच रविवारी मी मुलीची शाळेतली पट्टी घेऊन खाली गेलो. माझ्या गाडीचे टायर २१५/६० आर १७ आहेत, म्हणजे रुंदी २१५ मिलिमीटर, साइडवॉलची उंची त्याच्या साठ टक्के, १२९ मिलिमीटर, आणि रिम १७ इंची. एन लाइनचे २१५/५५ आर १८, म्हणजे ११८ मिलिमीटरच्या किंचित वर. चाकाचा एकूण व्यास दोन्हीकडे जवळजवळ तेवढाच आहे. रिम जितका वाढला तितके रबर कमी झाले, इतकाच तो व्यवहार. गंमत अशी की टॉर्कचा, म्हणजे इंजिनाच्या पिळाच्या जोराचा, फरकही नेमका अकराचाच आहे, जुन्या इंजिनाचे २४२ न्यूटन मीटर आणि नव्याचे २५३. अकरा न्यूटन मीटर घ्या आणि अकरा मिलिमीटर रबर द्या, असा हिशेब मी सौभाग्यवतींना सांगितला, तेव्हा त्यांनी पट्टी परत दप्तरात ठेवायला सांगितले.

पहिले तीन आठवडे माझे मत पक्के होते की ही गाडी आपल्यासाठी नाही. कोथरूड ते कराड प्रवासात मागे बसलेल्या आईने शिरवळच्या आतच "या गाडीत बसून खडी मोजता येते रे" असा अभिप्राय दिला, आणि गुडघ्यांचे ऑपरेशन झालेल्या माणसाचा अभिप्राय मी कोणत्याही चाचणीपेक्षा वरचा मानतो. मेहुण्याला मी तसे सविस्तर कळवूनही टाकले. नंतर एकदा पंपावर हवा तपासली, तर चारही चाकांत ४० पीएसआय. गाडी फार दिवस उभी राहिली तर टायर बसू नयेत म्हणून जाण्याआधी त्यानेच हवा वाढवून घेतली होती आणि सांगायचे विसरला होता. चालकाच्या दाराजवळच्या खांबावर जो आकडा छापलेला असतो त्यावर हवा आणल्यावर तक्रारीतली निम्मी धार गेली. बारीक खडबडीत रस्त्यावर ती अजूनही माझ्या गाडीपेक्षा कडक वाटते, गतिरोधकावर मात्र फारसा फरक राहिला नाही, आणि आईने दुसऱ्या फेरीत साताऱ्यापर्यंत झोप काढली. मेहुण्याला दुसरे पत्र लिहावे लागले.

आता जे मनापासून आवडले त्याबद्दल. माझ्या १.४ टर्बोला सात गिअरचा डीसीटी, म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच होता. मॅन्युअल हवा म्हणणाऱ्याला त्या इंजिनात पर्यायच नव्हता. मार्च २०२४ मध्ये एन लाइन आली तेव्हा १६० अश्वशक्तीचे १.५ टर्बो इंजिन मॅन्युअल गिअरसह मिळण्याची सोय क्रेटाच्या घरात फक्त तिच्याकडे होती. साताऱ्याकडे जाताना तेव्हा खंबाटकी घाट चढावा लागायचा, परतीला बोगदा मिळायचा, त्यामुळे घाटाची मजा जातानाच. एका शनिवारी पहाटे ट्रकांची रांग लागण्याआधी मी तो तिसऱ्या गिअरमध्ये चढलो. इंजिन दोन हजारांच्या आसपास फिरत होते, वळणातून बाहेर पडताना पाय किंचित दाबला की गाडी कुरकुर न करता पुढे सरकत होती, स्टिअरिंग हाताला छान जड लागत होते. पाच वर्षे हे काम गिअरबॉक्सवर सोपवून मी काय गमावले ते त्या दहा मिनिटांत कळले. हीच गाडी संध्याकाळी नवले पुलाच्या उतारावर पाऊण तास क्लच दाबत उतरवली तेव्हा काय वाचवले होते तेही कळले.

वेगाबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. कंपनीच्या दाव्यानुसार डीसीटीवाली एन लाइन शंभरचा वेग ८.९ सेकंदांत गाठते आणि आपल्या मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाची मर्यादाही शंभरच आहे, त्यामुळे शंभर गाठल्यावर दोन्ही गाड्या सारख्याच. टाकी काठोकाठ भरून काढलेले ॲव्हरेज माझ्या वहीत असे आहे: शहरात माझी ११.४ आणि एन लाइन १२.३, महामार्गावर माझी १५.१ आणि एन लाइन १५.९. नव्या गाडीच्या बाजूने सर्वांत वजनदार मुद्दा पेट्रोलचाच आहे. वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल आता सगळीकडे आले असून एप्रिल २०२३ पासूनच्या गाड्यांचे भाग त्याला चालतील असे बनवलेले आहेत. माझी त्याआधीची आहे. अजून तरी तिने काही त्रास दिलेला नाही, पण इथेनॉलने इंधनाची नळी खराब होईल का हा विषय मी पूर्वी कधी डोक्यात घेतला नव्हता आणि आता घेतो.

राहिला पैशांचा प्रश्न. मेहुण्याने आधी सव्वापंधरा लाख सांगितले होते. २२ सप्टेंबर २०२५ ला या वर्गातल्या गाड्यांवरचा कर सेससह ४५ टक्क्यांवरून ४० वर आला. १४५ चे १४० झाले, म्हणजे नव्या गाडीची किंमत साधारण साडेतीन टक्क्यांनी उतरली. तो हिशेब मी जर्मनीला पाठवल्यावर पावणेपंधरा झाले. घरातलीच गाडी असल्याने तिचा इतिहास ठाऊक, नव्याने बारा टक्के रोड टॅक्स नाही, मालकी बदलाचे फॉर्म २९ आणि ३० भरले की काम झाले. माझ्या गाडीला मात्र जुन्या गाड्या घेणाऱ्याने साडेआठ लाखच सांगितले, तेही नव्या टायरकडे बोट दाखवून, "चारांत एकच नवीन आहे, म्हणजे कुठेतरी आपटलीय" असे म्हणत. फरक सव्वासहा लाखांचा आणि वाढीव अश्वशक्ती वीस, म्हणजे एका घोड्याला एकतीस हजार दोनशे पन्नास रुपये पडतात.

खंबाटकीची ती दहा मिनिटे आठवली की हा भाव मला अजूनही महाग वाटत नाही. पण आमच्या गावाचा शेवटचा सात किलोमीटर रस्ता आठवला की वाटतो. चार महिन्यांत एन लाइनचा एकही टायर फुगला नाही आणि जो फुगला तो उंच साइडवॉलचा होता, हे सौभाग्यवतींनी दोनदा निदर्शनास आणून दिले. त्याला माझ्याकडे उत्तर नाही. तरीही त्या सात किलोमीटरवर एन लाइन नेताना मी प्रत्येक खड्ड्याशी श्वास रोखून बसायचो आणि माझ्या गाडीत रेडिओ ऐकत जातो, एवढ्यावर निर्णय झाला.

आणखी तीन टायर घेतले, २१५/६० आर १७ च, घासाघीस करून अठ्ठावीस हजारांना. मागच्या आठवड्यात मेहुणा आला तेव्हा एन लाइन धुऊन, टाकी भरून त्याच्या हवाली केली आणि टायरांत हवा किती आहे ते चिठ्ठीवर लिहून स्टिअरिंगला चिकटवले.